झाडावर चढायचे काटे आणि आमचा मिनी प्रोजेक्ट

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. माझं शिक्षण बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये. मराठीत कायम काठावरचे मार्क. पण मॅडम म्हणाल्या, "कविता नको, कविता भरपूर आल्यात. तुमच्या त्या काट्यांबद्दल लिही." म्हणून लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासलेत, बाकीची जबाबदारी माझी.

आपल्या मेसच्या मागे चौदा माड आहेत, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. भर दुपारी पत्र्यावर नारळ पडला की अर्धं हॉस्टेल दचकून उठतं! त्या माडांवर चढतात ते मामा. आडनाव कुणालाच माहीत नाही, सगळे मामाच म्हणतात. पायाला दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि अनवाणी. जुन्या पाच-सहा माडांच्या खोडावर पूर्वी कुणीतरी पाय ठेवायला खाचा पाडलेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात अशीच एक खाच आतून कुजलेली होती. मामांचा पाय पडला, खाचेची कड सुटली आणि ते साताठ फुटांवरून खाली आले. गुडघा महिनाभर सुजलेला होता. त्यानंतर एकदा मेसच्या पायरीवर बसून ते आम्हांला म्हणाले, "इंजिनेर होतास ना गो तुमी? मग माका चढाक कायतरी करून द्या."

आम्ही चौघीजणी तेव्हा मिनी प्रोजेक्टसाठी विषयच शोधत होतो. गिअरबॉक्स आणि कन्व्हेयर बेल्टचे तेच तेच विषय नको होते. शोधाशोध करताना सापडले पायाला बांधायचे काटे, म्हणजे क्लाइंबिंग स्पाइक्स. अमेरिकेत पूर्वीपासून लाकडी खांबांवर चढणारे टेलिफोनचे आणि विजेचे लाइनमन ते वापरतात. झाडं तोडणारेही वापरतात. आपल्याकडे विजेचे खांब बहुतेक सिमेंटचे नाहीतर लोखंडी, त्यामुळे हा प्रकार फारसा कुणी पाहिलेला नसतो. आम्हांला वाटलं, झालं काम! दोन आठवड्यांत बनवू, मामांना देऊ, फोटो काढू, रिपोर्ट बांधू.

आधी वस्तू काय असते ते सांगते. पोटरीच्या आतल्या बाजूने जाणारी एक पट्टी असते, तिला शँक म्हणतात. ती खाली बुटाच्या टाचेपुढे वळून पायाखाली येते आणि घोड्याच्या रिकिबीसारखी होते, त्यावर पाय ठेवायचा. घोट्याच्या जवळ, आतल्या बाजूला, खाली तिरपा जाणारा टोकदार काटा. वर गुडघ्याच्या खाली एक पॅड आणि पट्टा, खाली घोट्याशी दुसरा पट्टा. चालताना हे काटे एकमेकांत अडकतात. माझी रूममेट वर्कशॉपमध्ये अशीच आडवी झाली, तीही जमिनीवर. म्हणजे उंचीवर जायच्या आधीच पहिला अपघात!

आता आमची घोडचूक. काटा कशाचा करायचा? वर्कशॉपमागे बांधकामातली १२ मिलिमीटरची सळई पडलेली होती, टीएमटी. मजबूत असते, अख्खी बिल्डिंग उभी राहते तिच्यावर, असा आमचा विचार. ग्राइंडरवर टोक काढलं, एमएसच्या पट्टीला वेल्डिंग केलं, रंगसुद्धा दिला. मग वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभ्या केलेल्या ओंडक्यावर, जमिनीपासून फक्त एक फूट उंचीवर, एकीने पाय रोवला. चौथ्या-पाचव्या वेळेला टोक मुडपलं. पेन्सिलीचं टोक मुडपावं तसं.

वर्कशॉपचे सर आले, बघितलं आणि विचारलं, "टीएमटी म्हणजे काय?" चौघी गप्प. मेटलर्जीत हा प्रश्न आम्ही पाठ केला होता हो! सळई रोलिंगमधून लालभडक बाहेर पडते तेव्हा तिच्यावर पाण्याचा मारा करतात. बाहेरचा थर झटकन थंड होऊन कडक मार्टेन्साइट होतो. आतली उष्णता मग बाहेर येते आणि त्या थराला टेम्पर करते. गाभा मात्र मऊ फेराइट-पर्लाइटचाच राहतो. म्हणजे ताकदीचा मोठा भाग बाहेरच्या कड्यात. आम्ही टोक काढताना नेमकं तेच कडं घासून टाकलं आणि मऊ गाभ्यावर माणूस उभा केला. वर वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं उरलंसुरलं टेम्परिंगही घालवलं.

विकत मिळणाऱ्या चांगल्या स्पाइक्सचा काटा चांगल्या पोलादाचा, नीट हीट ट्रीटमेंट केलेला असतो. म्हणूनच तो बोथट झाला की ग्राइंडरला लावायचा नाही असा नियम आहे. ग्राइंडरने टोक तापून निळं पडलं की कडकपणा गेलाच. हाताच्या कानशीने हळूहळू घासायचं, आणि मूळचा आकार ठेवायचा. घासून घासून काटा आखूड होत जातो, म्हणून कंपन्या एक छोटं गेजही देतात. त्यात काटा कमी भरला की बदलून टाकायचा.

शँक पोलादाची, ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची मिळते. घनता अनुक्रमे ७.८५, २.७ आणि ४.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, त्यामुळे वजनात चांगलाच फरक पडतो. पण तीनही प्रकारांत काटा बहुधा पोलादाचाच असतो, बऱ्याचदा स्क्रूने बदलता येणारा. रोज दिवसभर चढणाऱ्या माणसाला हलकी शँक परवडते, कारण प्रत्येक पावलाला ते वजन उचलावं लागतं. वर्षातून चार झाडं तोडणाऱ्याने टायटॅनियमच्या नादी लागू नये, असं माझं मत. त्याच पैशांत चांगले बूट आणि पट्टा येतो, आणि त्यांची गरज जास्त आहे.

आता खरी निवड. काट्याची लांबी दोन प्रकारची असते. एक आखूड, साधारण दीड इंच, मूळचा लाकडी खांबांसाठी. दुसरा लांब, साधारण पावणेतीन इंच, झाडांसाठी. नाव ऐकून वाटतं, झाडासाठी झाडाचाच घ्यावा. तसं नाही. लांब काटा जाड, खरखरीत सालीसाठी आहे. अशा झाडाला आखूड काटा मारला तर तो फक्त सालीतच रुततो, लाकडापर्यंत पोचतच नाही, आणि सालीचा पापुद्रा सुटला की माणूसही सुटला. उलट निलगिरीसारख्या गुळगुळीत, पातळ सालीच्या आणि कठीण लाकडाच्या झाडाला लांब काटा लावला तर तो निम्मासुद्धा आत जात नाही. उरलेला भाग खोडाबाहेर. म्हणजे पाय खोडापासून लांब, मोमेंट आर्म मोठा, आणि प्रत्येक पावलाला घोटा डगमगणार. तिथे आखूडच बरा. थोडक्यात, साल बघून काटा.

त्यानंतर पाय बघायचा. शँकचं वरचं टोक गुडघ्याच्या सांध्याच्या जरा खाली यायला हवं. लांब झालं तर गुडघा वाकवताना हाडावर आपटतं, आखूड झालं तर सगळा जोर पोटरीच्या मध्यावर येतो. हा जोर किती, ते आम्ही मोजलं. समजा ६५ किलोचा माणूस पाऊल उचलताना एका पायावर उभा आहे. वजन साधारण ६४० न्यूटन. पायाचा मध्य आणि काटा यांत ६ सेंटिमीटर अंतर, आणि वरचं पॅड काट्यापासून ३८ सेंटिमीटर वर. रिकीब बाहेरच्या बाजूला खाली झुकते आणि शँकचं वरचं टोक नडगीवर आतून दाबतं. ६४० गुणिले ६ भागिले ३८, म्हणजे शंभरेक न्यूटन. जवळजवळ दहा किलोचं वजन नडगीच्या हाडावर, प्रत्येक पावलाला. इंचभर रुंद नायलॉनचा पट्टा असेल तर संध्याकाळी पाय काळानिळा. म्हणून पॅड रुंद हवं, आणि दुकानात हात लावून नाही तर पायाला बांधून, त्यावर उभं राहून बघायला हवं.

आणि बूट! रिकीब पायाच्या मध्यावर, नेमकी कमानीखाली येते. त्यासाठी टाच असलेला, कडक तळाचा बूट लागतो. मामा अनवाणी चढतात. आम्ही चौघींनी पन्नास पानी रिपोर्ट लिहिला आणि त्यात ही गोष्ट एकीच्याही डोक्यात आली नाही. मामांनी आमचा नमुना हातात घेतला, रिकिबीवर अंगठा फिरवला आणि शांतपणे विचारलं, "ह्याच्यार पाय कसो ठेवतलंय?" त्या दिवशी रात्री रूमवर फारसं कुणी बोललं नाही.

सगळ्यात मजेदार भाग स्टॅटिक्सचा आहे. फर्स्ट इयरला ज्यांचा हा पेपर राहिलाय त्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. उंचावर भीती वाटली की माणूस काय करतो? झाडाला मिठी मारतो. काटे लावून नेमकं तेच करायचं नसतं. कमरेच्या पट्ट्याची दोरी खोडाभोवती फिरवलेली आहे, ती पायांपासून ९० सेंटिमीटर वर आहे आणि आडवी ओढते असं धरू. माणसाचा गुरुत्वमध्य खोडापासून ३० सेंटिमीटर बाहेर. पायांभोवती मोमेंट घेतली की दोरीतला ताण येतो ६४० गुणिले ३० भागिले ९०, म्हणजे २१३ न्यूटन. आडव्या दिशेला दुसरं कुठलंच बल नाही, म्हणजे पायही तेवढ्याच जोराने खोडाला आत दाबतात. हाच जोर काटा लाकडात रुतवतो. आता माणूस घाबरून खोडाला बिलगला, अंतर ३० चं १० झालं. ताण ७१ न्यूटन. काट्याला आत ढकलणारा जोर एक-तृतीयांश, खाली खेचणारं वजन मात्र तेवढंच. पायावरच्या एकूण जोराची दिशा आधी उभ्या रेषेपासून १८ अंश होती, ती ६ अंशांवर आली. त्यात भर म्हणजे गुडघे खोडाला टेकले की शँकही फिरते आणि काटा खोडाला जवळजवळ समांतर होतो. मग तो साल सोलत खाली येतो. म्हणून शिकवणारे पहिल्या दिवशी सांगतात, गुडघे बाहेर, कंबर मागे, पट्ट्यावर रेलून बसा. भीती जे सांगते त्याच्या बरोबर उलट.

यातच हेही आलं, की पट्ट्याशिवाय काट्यांना अर्थ नाही. काटे फक्त पाय धरतात, माणूस धरतो तो पट्टा. करवत चालवताना तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेलं असावं, कारण एक दोरी आपल्याच करवतीने कापली जाऊ शकते. त्यासाठी आत तार असलेली दोरी मिळते. पण जवळून विजेची लाइन जात असेल तर ती तार वीज वाहून नेईल, तिथे ती चालणार नाही. (हे वाचून कुणी हॉस्टेलच्या मागे प्रयोग करायला जाऊ नका. रेक्टर सर माझं नाव घेतील.)

एवढं सगळं झाल्यावर सरांच्या मदतीने आम्ही एक तयार जोडी बघायला मिळवली, आणि मामांना बूटही मिळाले. आम्ही खुशीत त्यांना माडाकडे घेऊन गेलो. मामांनी काट्याचं टोक बघितलं, माडाच्या खोडावर हात ठेवला आणि जोडी परत माझ्या हातात दिली. "ह्यां माडाक नको गो. आंब्याची जखम भरता, माडाची भरणा नाय."

मला आधी वाटलं ही जुन्या लोकांची समजूत असेल. कॉन्व्हेंटच्या बायॉलॉजीत एवढं खोलात नव्हतं, आणि अकरावीत बायो सोडलं. शोधलं तर मामा शंभर टक्के बरोबर निघाले. आंबा, फणस, वड ही द्विदल झाडं. त्यांच्या सालीखाली कॅम्बियम नावाचा पातळ जिवंत थर असतो, तोच दरवर्षी नवं लाकूड आणि नवी साल तयार करतो. जखम झाली की कडेने नवी वाढ होऊन ती हळूहळू झाकली जाते. मात्र आतलं दुखावलेलं लाकूड 'बरं' होत नाही, झाड त्याच्याभोवती भिंती उभ्या करून ते बंद करतं. ॲलेक्स शिगो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे नीट मांडलं. माड एकदल, गवताच्या लांबच्या नात्यातला. त्याच्या खोडात कॅम्बियमच नाही. रसवाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात आणि खोड एकदा तयार झालं की तेच शेवटपर्यंत. त्याला पडलेलं भोक माड जगेल तोवर भोकच राहतं. मेसमागच्या माडांवरच्या खाचा पाडून कितीतरी वर्षं झाली असतील, आजही कडा तशाच आहेत.

भोक नुसतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्यातून खोडाला डिंकासारखा तांबूस स्राव सुटणारा बुरशीचा रोग शिरतो, आणि सोंड्या भुंगा अशा ताज्या जखमांत अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात. बाहेरून कळतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पंधरा मीटरचा माड, पाऊल २५ सेंटिमीटरचं, म्हणजे एका चढाईत साठ भोकं. नारळ काढायला वर्षातून पाच-सहा वेळा तरी चढणार. आम्ही मामांचा गुडघा वाचवायला निघालो होतो आणि त्यांचे चौदा माड मारायच्या बेतात होतो. आणि मामांची पडायची जागा कुठली होती? कुजलेली खाच. म्हणजे त्यांना पाडलं तेही माडाच्या जुन्या जखमेनेच.

द्विदल झाडांच्या बाबतीतही काटे सर्रास चालतात असं नाही. अमेरिकेत झाडांच्या निगेचं ए३०० नावाचं मानक आहे. जिवंत झाडाची छाटणी करायला काटे लावून चढू नये, असं ते सांगतं. अपवाद थोडे आहेत, उदाहरणार्थ साल इतकी जाड असणं की काटा कॅम्बियमपर्यंत पोचणारच नाही. म्हणजे काटे मुख्यतः जे झाड पाडायचंच आहे त्यासाठी. दुकानात जाऊन लांब की आखूड हे विचारायच्या आधी हा प्रश्न: हे झाड उद्या उभं राहणार आहे का? आम्ही हा प्रश्न रिपोर्टच्या पन्नासाव्या पानानंतर विचारला.

मग आम्ही कॅम्पसमधल्या झाडांची यादीच केली. चौदा माड, काटे नाहीत. मेसच्या टाकीकडे झुकलेली वाळलेली निलगिरी पाडायची होती, म्हटलं निदान इथे तरी उपयोग होईल. पण सरांनी बुंध्यावर हातोडा मारून आवाज ऐकवला, भद्द. आतून पोकळ. अशा मेलेल्या झाडावर काटे लावून काय, कसंही चढायचं नाही, ते माणसासकट मोडतं. ती शेवटी बाहेरून हायड्रॉलिक पाळण्याची गाडी मागवून तुकड्यातुकड्याने उतरवली. राहिल्या गेटजवळच्या दोन ऑस्ट्रेलियन बाभळी. रस्ता रुंद करायला त्या काढायच्या होत्या, परवानगी ऑफिसने काढलेली होती. (शहरात राहणाऱ्यांसाठी: तिथे १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातल्या झाडालासुद्धा.) झाडं धडधाकट, साल फार जाड नाही, म्हणून आखूड काटा. ठेकेदाराचा माणूस स्वतःची जोडी घेऊन आला होता, आणि ती आखूडच होती. चढायच्या आधी तो दहा मिनिटं कानशीने टोक घासत बसला. आम्ही चौघी इतक्या भक्तिभावाने बघत होतो, की त्याने विचारलं, "काय झालं ताई?"

आणि मामा? माडासाठी खोडाला इजा न करणारं यंत्र असतं, केरळातल्या चेंबेरी गावच्या नावाने ओळखलं जातं. दोन लोखंडी फ्रेम, एकेका पायाला एक. प्रत्येकीला रबर लावलेल्या तारदोराचा फास, तो खोडाभोवती बसतो. पायावर वजन टाकलं की फास आवळतो, पाय उचलला की सैल होतो. आळीपाळीने फ्रेम वर सरकवत जायचं. भोक नाही, खाच नाही, घर्षणावर सगळं. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना याचं शिक्षण द्यायला सुरुवात केली, त्या कार्यक्रमाचं नावच 'नारळाच्या झाडाचे मित्र' अशा अर्थाचं आहे.

आमच्या मिनी प्रोजेक्टचं नाव आता बदललं आहे. एक जुनं यंत्र मिळालं, ते उघडून आम्ही दोन बदल केले. मामांच्या पावलाच्या मापाचा पायपट्टा, आणि फासाची लांबी पटकन कमीजास्त करायची पिन, कारण माडाचं खोड बुंध्याशी जाड आणि वर बारीक. पहिल्या दिवशी मामांना एका माडाला पाऊण तास लागला आणि ते आमच्यावर जाम वैतागले. आता तेराव्या मिनिटाला शेंड्यात असतात. फास आणि कमरेचा पट्टा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यंत्र असलं तरी पट्टा लागतोच, हे त्यांना पटवायला मात्र महिना गेला. तारदोराचे धागे तुटलेत का ते चढण्याआधी बघायचं काम माझ्याकडे आहे. दर वेळी मामा खालून ओरडतात, "बघितलंस काय गो?" आणि मी हातातला चहा ठेवून धावते.